एका बाईसाठी बस

प्रवासी मिळत नाहीत म्हणून कुंभेटेंभीची दुपारची बस बंद झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तालुक्याला जाणाऱ्या अनसूयाबाईंचे हाल सुरू झाले. त्या काठी टेकत ग्रामसभेला आल्या. वाहतूक अधिकारी सरनोबत नुकतेच स्वित्झर्लंडचा दौरा करून आले होते. ते रंगून सांगत होते, "डोंगरातल्या थांब्यावर एकच म्हातारी होती, तरी बस वेळेवर आली!"

अनसूयाबाईंनी विचारलं, "एकीसाठी बस? मग तोटा नाही का झाला साहेब?"

"छे! एकच माणूस असलं तरी त्याला पोचवायचं. हेच आपण शिकायला हवं."

"मग आमच्या डोंगरातली म्हातारी मी आहे साहेब. कधीपासून शिकताय?"

सरनोबतांनी तिथूनच आगारात फोन लावला. सोमवारी बस आली. अनसूयाबाई तिच्यात एकट्याच होत्या.