सोमवारचा जयजयकार

“सात गावांत सात वेळा मला तोच अर्धी मिशी जळालेला माणूस आनंदाने रडताना दिसला! पंत, हा काय प्रकार आहे?” करंजगडचे राजे भूपतराव भर दरबारात गरजले, आणि दिगंबरपंतांच्या पायाखालची जमीनच सरकली.

हे दिगंबरपंत म्हणजे राजाच्या कीर्तिखात्याचे प्रमुख. काम काय? तर काहीही होवो, राजाचं नाव झालं पाहिजे. नदीवरचा नवा पूल कोसळला, तेव्हा यांनी दवंडी पिटवली, “महाराजांच्या कृपेने पूल नदीच्या भेटीला गेला!” टोळधाड आली, तर म्हणे, “राज्यात हिरव्या पाहुण्यांचे आगमन!” राजाच्या दौऱ्याला गर्दी जमेना, म्हणून या शहाण्याने चाळीस माणसं भाड्याने आणली आणि पागोटी बदलून तीच माणसं गावोगाव राजाच्या पुढे धाडली. पागोटी बदलली, पण तोंडं तीच राहणार हे काही सुचलं नाही. एवढी अक्कल असती तर कीर्तिखात्यात कशाला आले असते!

“मला खरा जयजयकार हवा!” राजा म्हणाला. “येत्या सोमवारी, भर बाजारात. भाड्याचं माणूस नको, शिपायाचा धाक नको, खोटा एक शब्द नको. नाही जमलं, तर ज्याच्याकडे हे दौऱ्याचं काम होतं तो राज्याबाहेर!”

पंत तत्परतेने पुढे झाले. “महाराज, दौऱ्याची सगळी व्यवस्था आमच्या उमेदवार सगुणेकडे होती!”

सगुणा ही कुंभाराची पोर. आवाज खणखणीत, म्हणून दवंडीसाठी घेतलेली. तीन वर्षं ती खात्यात शिकाऊ उमेदवार म्हणून फुकट राबत होती. पंतांचं पानाचं तबक तिने भरायचं, दवंडीचा मजकूर तिने जुळवायचा आणि शाबासकी पंतांनी घ्यायची. नेमणुकीचं विचारलं, की “अजून कच्ची आहेस” हे उत्तर ठरलेलं. आज पहिल्यांदाच पंतांनी एक काम तिच्या नावावर लावलं होतं! सगुणेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राज्याबाहेर म्हणजे घर सुटणार, आईबाप सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, “करते, महाराज. मात्र माझा मजकूर पंतांनी तपासायचा नाही.”

“मंजूर!”

मग तिने खात्याची सगळी दप्तरं उपसली. राजाची खरोखरची एक तरी चांगली गोष्ट सापडेल म्हणून तीन दिवस धूळ खाल्ली. सापडली फक्त विशेषणं! शेवटी कंटाळून ती बाजारात गेली आणि चंद्रा कासारणीला विचारलं, “मावशी, खरं सांगा, महाराजांचं तुम्हाला काय आवडतं?”

“मिरवणूक संपल्यावर दिसते ना, ती पाठ!” चंद्रा फणकारली.

मावशीचं काय चुकलं? दर सोमवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, राजा हत्तीवरून मिरवायचा. दुकानं बंद, गाड्या वेशीबाहेर. भाजी सुकायची, दूध नासायचं, आणि लोक हातात फुलं घेऊन सकाळपासून उन्हात उभे! ही कल्पनाही पंतांचीच. सगुणा मनाशी हसली आणि घरी जाऊन स्वस्थ झोपली.

सोमवार उजाडला. राजा चावडीच्या माडीवर पडद्याआड बसला. शेजारी पंत, गालात पान, चेहऱ्यावर हसू. खाली लोक नेहमीसारखे रांगेत ताटकळलेले. सगुणा ओट्यावर चढली आणि तिने डफावर थाप मारली.

“ऐका हो ऐका! भूपतराव महाराजांची सोमवारची मिरवणूक आजपासून बंद! दुकानं उघडा हो!”

मग चंद्राने ओरडून विचारलं, “काय गं? पुन्हा सांग!” सगुणेने पुन्हा सांगितलं, आणि जो काही गलका उठला! लोकांनी फुलं उधळली, म्हातारे नाचले, अख्खा बाजार बेंबीच्या देठापासून ओरडला, “भूपतराव महाराज की जय!”

राजा तरातरा खाली आला आणि त्याने सगुणेला चावडीत बोलावलं. “मिरवणूक बंद केली कुणी? खोटं बोललीस तू!”

“मी सांगतच होतो, महाराज! हाकला हिला!” पंत मागून ओरडले.

“अजून तरी खोटं बोलले नाही, महाराज,” सगुणा म्हणाली. “आपला हत्ती अजून हत्तीखान्यातच आहे. तो बाहेर पडला, तर माझी दवंडी खोटी, मी राज्याबाहेर, आणि हा जयजयकारही इथेच संपला. तो आत राहिला, तर सगळंच खरं! आता आपणच ठरवा.”

राजा दाराशी गेला. बाहेर लोकांचा जयजयकार अजून थांबत नव्हता. “म्हणजे इतकी वर्षं येऊन जे जमलं नाही, ते न येण्याने जमलं?”

“आणि तेही एका सकाळीत, महाराज!”

राजा आधी खुदकन हसला, मग पोट धरधरून हसला. “अरे, माहुताला सांगा, हौदा उतरव म्हणावं! सगुणे, आजपासून कीर्तिखात्याची प्रमुख तू!” त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातात ठेवला. “आणि या पंतांचं काय करू? घालवू राज्याबाहेर?”

“छे छे, राहू द्या की!” सगुणा म्हणाली. “उमेदवाराची जागा आत्ताच रिकामी झालीय.”

पंतांना ठसका लागला, आणि राजाला पुन्हा हसू आवरेना.