सरडेरावांचा तुंबा

त्या राज्यात पाणी वाईट आहे असे म्हणण्याची पद्धत नव्हती. विहिरीवर कोणीही आले, पाखरू असो वा मुंगी, की त्याच्यापुढे पळसाचा द्रोण ठेवायचा आणि त्याने पाणी पिऊन ‘गोड आहे’ म्हणायचे. न म्हणता गेलेला पाहुणा कोणाच्या आठवणीत नव्हता.

विहीर एका म्हाताऱ्या कासवाच्या ताब्यात होती. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा शेवाळ खात, पडलेली पाने काढत आणि वर येऊन प्रत्येक पाहुण्याला विचारत, “कसं आहे पाणी?” जन्मभर त्याच पाण्यात राहिल्यामुळे त्यांना स्वतःला त्याची चव कळत नसे, म्हणून तपासणीचे काम त्यांनी पाहुण्यांच्या जिभेवर सोपवले होते. उत्तर ऐकले की ते मान आत घेऊन थोडा वेळ लाजत. ते पाहायला काही जण तहान नसतानाही येत.

पुढे डोंगराच्या पायथ्याशी सरडेरावांनी रंगशाळा काढली. तोवर कावळे काळे होते आणि त्याबद्दल खुद्द कावळ्यांचीही तक्रार नव्हती. आता त्यांना पोपटी व्हायचे होते आणि चिमण्यांना जांभळे. सरडेरावांना स्वतःला रंग बदलायला काहीच लागत नसे. इतरांसाठी त्यांनी कढया चढवल्या. कढयांतले उरलेले पाणी जवळच्या एका आटलेल्या विहिरीत ओतले जाई. “जमीन सगळं पोटात घेते,” सरडेराव म्हणत, आणि ते खरेच होते. जमिनीने सगळे पोटात घेतले. रंग मातीने स्वतःकडे ठेवून घेतला आणि बाकीचे खालच्या खाली पुढे पाठवले.

त्यामुळे आबांच्या विहिरीचे पाणी पूर्वीइतकेच नितळ दिसत होते. फक्त गोगलगाईंचे शंख कागदासारखे पातळ झाले. पाण्यावर भिरभिरणारे चतुर दिसेनासे झाले. काठावरचा उंबर कच्चीच फळे टाकू लागला. खंड्या पाणी पिऊन खोकला, “गोड आहे, आबा,” म्हणाला आणि पुन्हा खोकला. आबा लाजले.

विहिरीच्या कपारीत सगुणा नावाची बेडकी राहत असे. गेल्या पावसाळ्यात तिची सगळी अंडी पांढरी पडून तळाशी गेली होती. या वर्षीची पोटात होती आणि घालायची वेळ येऊन ठेपली होती. आसपास दुसरे पाणी नव्हते.

“आबांना सांगून टाक,” खंड्या तिला म्हणाला.

“तू सांग की. एवढी लांब चोच कशाला दिलीय तुला?”

“मी सांगितलं तर ते जेवायचे नाहीत.”

“आणि मी सांगितलं तर?”

“तर तूही जेवायची नाहीस.”

हे सगुणालाही पटले. आबांवर राज्याचा इतका जीव होता, की त्यांना दुखवण्यापेक्षा पोटदुखी सोसणे सर्वांना सोपे वाटे.

रंगशाळेचा वाढदिवस विहिरीच्या काठावर करायचे ठरले. पोपटी कावळ्यांनी स्वागतगीत म्हटले. त्यांचा आवाज मात्र रंगवायचा राहून गेला होता. आबांनी स्वतः भरलेला द्रोण सरडेरावांपुढे ठेवला.

“राहू द्या आबा,” सरडेराव म्हणाले, “मी माझं बरोबर आणलंय.”

त्यांनी काखेतून वाळल्या भोपळ्याचा, रुंद तोंडाचा एक तुंबा काढला. त्यात डोंगरमाथ्यावरचे दव होते. घोटभर पिऊन त्यांनी तो मागे ठेवला आणि ते भाषणाला उभे राहिले.

आबांनी द्रोणाकडे पाहिले, तुंब्याकडे पाहिले, मग शेजारी बसलेल्या सगुणाकडे.

“सगुणे, कसं आहे गं पाणी?”

ती आपल्या पायांकडे पाहत राहिली. “कडू आहे, आबा.”

“कधीपासून?”

“गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

“तुम्ही लाजता ना, ते बघायला बरं वाटायचं.”

आबांनी मान आत घेतली. या वेळी ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, “यांचं भाषण लांबतं म्हणतात. तेवढ्यात होईल तुझं?” आणि सरकत सरकत जाऊन ते तुंब्याला खेटून बसले, पायरीसारखे. सगुणा त्यांच्या पाठीवर चढली.

भाषण लांबलेच. राज्याला रंगांनी काय दिले हे सांगता सांगता सरडेरावांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी मागे हात नेला, तर तुंब्याच्या तोंडावर सगुणा दोन्ही हात टेकून बसली होती. तिच्याखाली दवात, साबुदाण्याच्या खिरीसारखी, अंडी तरंगत होती. प्रत्येकात एक काळा ठिपका.

“लेकुरवाळा झालाय तुमचा तुंबा,” ती म्हणाली. “आता नाही पिता यायचं.”

आबा द्रोण घेऊन पुढे झाले. द्रोण तोच होता, पाणीही तेच.

“घ्या ना,” ते म्हणाले, आणि कुठल्याही पाहुण्यासमोर थांबत तसेच, मान जरा पुढे काढून थांबले.

सरडेरावांनी द्रोण हातात घेतला. खंड्याने खोकला दाबून धरला. काठावरचा प्रत्येक जण पद्धतीप्रमाणे उत्तराची वाट पाहू लागला, आणि सरडेरावांना आयुष्यात पहिल्यांदाच, कोणता रंग घ्यावा ते सुचेना.