करंजाखालची हाक

“पहिल्यांदा कधी खटकलं तुला?” अक्कांनी विचारलं.

“दुपारभर कुणी सरकलं नाही, तेव्हा.”

यावर लोक हसतात. अक्का हसल्या नाहीत.

त्या मठाच्या ओसरीवर, जानेवारीच्या उन्हात, पोत्यावर बसल्या होत्या. मी आत खांबाला टेकून, सावलीत. घाईत आले होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

“नीट सांग. मला सगळं माहीत आहे असं धरू नकोस.”

अक्कांना खरं तर सगळं माहीत होतं. एके काळी त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मग एक दिवस घर, नोकरी, सगळं सोडून या मठातल्या खोलीत येऊन राहिल्या. आमच्या हॉटेलापासून मठ एका गल्लीवर.

तरी मी सांगितलं.

सोलापुरात उन्हाला तोटा नाही. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं हॉटेल हे मुळात एक अंगणच होतं. स्वयंपाकघर तेवढं पत्र्याखाली. बाकी एक करंजाचं झाड आणि बाकडी. उन्हाळ्यात गिऱ्हाइकं सावलीच्या मागे जायची, थंडीत उन्हाच्या. ताट उचलायचं, आपण उठायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, “जरा सरका.” तो त्याच्या शेजारच्याला म्हणायचा. एक हलला की अख्खं अंगण हलायचं. जेवायला बसताना शेजारी एक माणूस असायचा, हात धुवायला उठताना दुसराच.

वाटणीवरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ एकदा दोन टोकांना पाठ करून बसले होते. ऊन सरकत गेलं. ताक येईपर्यंत दोघे एकाच शेंगाचटणीच्या वाटीशी.

“समेट झाला?”

“नाही. चटणी संपली.”

अक्कांनी ओसरीवरच्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “सरक.”

मला वाटलं, काही चुकीचं बोलले. दचकलेच. पण ऊन पुढे गेलं होतं, इतकंच. अक्कांनी पोतं ओढलं. मी खांब सोडून थोडी पुढे झाले.

“मग?”

“मग काचा लागल्या.”

“कुणी लावल्या?”

“अप्पांनीच. काय करणार? गिऱ्हाईक गाडीवरूनच विचारायचं, एसी आहे का? नाही म्हटलं की खालीसुद्धा उतरायचं नाही. एकानं लावल्या, शेजारच्यानं लावल्या... आता गावात एक हॉटेल नाही अक्का, जिथे उघड्यावर बसून चार घास खाता येतील. सगळीकडे काळ्या काचा. आत पिवळे दिवे. भिंतीवर प्लास्टिकची वेल. एका ठिकाणी तर सूर्योदयाचं चित्र आहे, भिंतभर. त्याच्यामागे खरी खिडकी होती. ती बुजवली.”

“तू हे चिडून सांगतेस की रडून?”

“माझी पुण्याची मैत्रीण आली होती परवा. म्हणाली, किती छान ऊन आहे ग तुमच्याकडे, बाहेर बसून जेवू या. गावभर फिरवलं तिला. जिथे जाऊ तिथे पोऱ्या म्हणे, आत या मॅडम, आत गार आहे. शेवटी पार्सल घेतलं आणि स्कूटीवर बसून खाल्लं.”

“कसं लागलं?”

“... छान लागलं.”

अक्का आता हसल्या.

मला ते थोडं लागलं. म्हणून म्हणाले, “आमचा हॉल चांगलाच झालाय पण. मी लक्ष घातलं होतं. टेबलांमधलं अंतर मी आखलंय. गिऱ्हाइकाचं कोपर शेजारच्याला लागता कामा नये, असं शिकवलंय आम्हाला हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात. पहिल्या दिवशी सगळं अगदी शिकवल्यासारखं बसलं. एकही चूक नव्हती. आणि दुपारभर...”

“कुणी सरकलं नाही.”

“हो. अडीच वाजता मला एकदम भीतीच वाटली. काही बंद पडलंय आणि आपल्यालाच कळलं नाही, तसं.”

“तुला कशाची भीती वाटत नाही? कुकरची शिट्टी झाली की पळायचीस.”

“अप्पांच्या हाकेलाही पळायचे.”

बोलून गेले आणि ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

त्या हाकेसाठीच तर मी आले होते, एका परीनं.

दुपारची गर्दी ओसरली की अप्पा अंगणाच्या कडेला जायचे. स्वतः जेवायच्या आधी, रोज. तोंडाला हात लावून रस्त्याकडे बघून ओरडायचे, “कोण राहिलंय का हो जेवायचं...?” मी दचकून पाणी सांडायची. मग कुणीतरी ओ द्यायचंच. पोस्टमन, शेळ्यांची म्हातारी, वाट चुकलेला एखादा ट्रकवाला. आणि पुष्कळदा गल्लीतून बारीक पण खणखणीत आवाज यायचा, “आहे!” त्या अक्का. त्या आल्या, बसल्या की मग अप्पा आपलं ताट घ्यायचे.

अक्का मागत नसत. आणि नाव घेऊन बोलावलं तर जेवायला जात नसत. कुणाकडेच. एकदा अप्पांनीच विचारलं होतं का म्हणून. तेव्हा म्हणाल्या होत्या, “नाव घेऊन बोलावलं की जेवतं ते नाव. भूक तशीच परत येते माझ्याबरोबर.”

काचा लागल्या त्या दिवशीही अप्पांनी सवयीनं हाक दिली. हॉलमध्ये उभं राहून. गिऱ्हाइकं घाबरली. एक बँकवाले साहेब घास तसाच टाकून उठले, “काय झालं? कुणाला काय झालं?” बाहेर मात्र कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा काचेशी गेले, तोंड उघडलं, मिटलं आणि येऊन जेवायला बसले.

त्यानंतर अक्का आल्या नाहीत. अप्पाही गेले.

“सरक,” अक्का म्हणाल्या.

मी सरकले.

“अक्का, उद्या अप्पांना जाऊन वर्ष होतंय.”

“हो.”

“तुम्ही जेवायला या. आई धरून बसलीय, अक्का जेवल्याशिवाय घास घेणार नाही म्हणून. तिला शुगर आहे. गोळी घेतली की तिला उपाशी थांबता येत नाही. तुमच्यासाठी काचेजवळचं टेबल ठेवते. तिथला एसी बंद करते. पाटी लावते, राखीव म्हणून.”

“कुणासाठी राखीव?”

“तुमच्यासाठी.”

“म्हणजे नाव घेऊन.”

“... पाटीवर नाव नाही लिहिणार.”

“मनात लिहिशील.”

 वर कौलांवर पारवा घुमत होता.

“काचेजवळ ऊन येतं?” अक्कांनी विचारलं.

“काचेपर्यंत येतं.”

“मग?”

“फिल्म लावलीय काळी. मग... तिथेच राहतं.”

“बिचारं.”

अक्कांनी पुन्हा पोतं ओढलं. या वेळी सरक म्हणाल्या नाहीत. मीच सरकले.

“म्हणजे येणार नाही तुम्ही?”

“असं मी म्हटलं?”

“मग येणार?”

“असंही नाही म्हटलं.”

“अक्का, असं नका ना करू! मी काय करू ते तरी सांगा. काचा काढू? कर्ज काढून लावल्यात त्या. सगळं गाव आत बसलंय, मी एकटी काय करणार? मला... मला साधं वेटरला हाक मारायला जमत नाही. मी जवळ जाऊन सांगते.”

माझा आवाज चढला होता. मलाच ऐकून धस्स झालं.

अक्का माझ्या पायांकडे बघत होत्या.

“आलीस तेव्हा कुठे बसली होतीस?”

मी मागे वळून खांब दाखवला. खांब पार ओसरीच्या त्या टोकाला राहिला होता. आम्ही दोघी बोलता बोलता पायऱ्यांपाशी आलो होतो. माझे पाय खालच्या पायरीवर, भर उन्हात.

“कुणी ढकललं का तुला?”

“नाही.”

“मग जा आता. उद्या कामं असतील तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी सगळं वेळेवर झालं. गव्हाची खीर, कडक भाकरी, आमटी, दही, शेंगाची चटणी. काचेजवळचं टेबल मांडलं. पाटी लावली. मग काढली. मग पुन्हा लावली.

दीड वाजला. अक्का नाहीत.

“येतील ग,” आई गल्ल्यावरून म्हणाली. तिनं गोळी घेतली होती. मी बघितलं तर तिचा हात गल्ल्याच्या कडेवर होता आणि बोटं थरथरत होती.

“आई, तू खाऊन घे. अप्पा काही म्हणणार नाहीत.”

“त्यांना कधी बघितलंस कुणी यायच्या आधी खाताना?”

मी अप्पांच्या फोटोकडे बघितलं. हार घातलेला. रोज बघते, पण आज पहिल्यांदाच लक्षात आलं... फोटोत अप्पांचे डोळे बारीक झालेत. अंगणात काढलेला फोटो. ऊन तोंडावर होतं.

मी ताट उचललं.

“कुठे चाललीस?”

“बाहेर.”

“उन्हात? आणि लोक काय म्हणतील?”

“आई, दार धर जरा.”

बाहेर आता पार्किंग आहे. करंज आहे अजून, पण त्याच्या बुंध्यापर्यंत मोटरसायकली चिकटून लावलेल्या. ताट ठेवायला जागा नाही. मी दारातून आत डोकावले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “काळी पल्सर कुणाची आहे? जरा सरकवता का?”

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. एक गृहस्थ खरकटा हात वर धरून, कुरकुरत बाहेर आले.

“जेवू द्या की हो ताई. झाडाच्या पलीकडल्या बाजूला लावणार होतो, तर तिकडं कुणीतरी बसलेलं असतं रोज दुपारचं. इकडं लावली तर तुम्ही उठवता.”

“एवढी जरा...”

त्यांनी डाव्या हातानं गाडी रेटली. मग ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक गाडी, जी त्यांची नव्हती, तीही रेटली. आत गेले.

एक बाकडं मावेल इतकी जागा झाली. मागच्या दारचं जुनं बाकडं ओढत आणलं. त्याच्यावर ताट ठेवलं. आईनं दारातून पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मी एका हातात धरला. काचेच्या त्या बाजूला माणसं घास हातात धरून बघत होती.

आता फक्त हाक राहिली.

मी तोंडाला हात लावला. “कोण राहिलंय का...” निम्म्यात आवाज गेला. खोकलेच.

आईनं मान खाली घातली.

पुन्हा दिली. या वेळी रस्त्यापर्यंत पोचली. एक रिक्षा कचकन थांबली. “कुठं जायचं, ताई?”

“कुठे नाही. जेवलात का तुम्ही?”

त्यानं माझ्याकडे, ताटाकडे, हॉटेलच्या पाटीकडे बघितलं. “डबा झाला की आत्ताच.” जाता जाता वळून म्हणाला, “उद्या विचारा!”

रस्ता पुन्हा रिकामा. आईनं दाराची चौकट घट्ट धरली होती. तिच्या ओठांवरच्या घामाचे थेंब मला इथून दिसत होते. मठाच्या गल्लीकडे बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, अक्का या, अक्का या, अक्का या...

आणि थांबले.

डोळे मिटले. अक्का नकोत. कुणीही चालेल. ज्याला भूक असेल तो.

पोटातून आवाज काढला. तो माझा नव्हताच. अप्पांसारखा फाटका, लांब निघाला.

“कोण राहिलंय का हो जेवायचं...?”

झाडावरचे कावळे उडाले. काचेमागे कुणाचा तरी चमचा पडला असावा; तोंडं उघडी दिसली, आवाज आला नाही.

रस्त्यावर कुणी थांबलं नाही.

मग माझ्या अगदी पाठीमागे, करंजाच्या बुंध्यापलीकडे काहीतरी खसखसलं. मी इतकी दचकले की तांब्यातलं पाणी पायावर सांडलं.

गाड्यांच्या रांगेआड, झाडाच्या उन्हाच्या बाजूला, पोतं अंथरलेलं होतं. ते ओढत ओढत अक्का बुंध्याला वळसा घालून पुढे आल्या.

“आहे,” त्या म्हणाल्या. “सरक जरा.”