मठातलं मांजर

"मग ही खोटं बोलायला शिकली कुठे, आई? आमच्या घरात तर कुणी खोटं बोलत नाही."

भास्करराव हेडमास्तर विचारत होते. नुसते खाकरले तरी शाळा चिडीचूप व्हावी, असा त्यांचा दरारा. टेकडीवरच्या मठात ते पक्कं ठरवूनच आले होते. लेकीने मठ सांभाळणाऱ्या केशरआईंपुढे खरं बोलायची शपथ घ्यायची, नाहीतर मठातच राहायचं. तिच्या कपड्यांचं गाठोडंही त्यांनी बरोबर आणलं होतं.

नऊ वर्षांची शेवंता खांबाला चिकटून उभी होती. गाठोडं तिच्या पायाशी पडलेलं.

"काय खोटं बोलली?" केशरआईंनी विचारलं.

"परवा आरसा फोडला. म्हणते, माकडाने फोडला. काठी घेऊन विचारलं, तरी माकडच."

"अंगठ्याला चिंधी कसली बांधली आहे तिने?"

भास्कररावांनी वळून पाहिलं. "असेल काहीतरी. पोरांचं काय..."

केशरआई ताक आणते म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांची पाठ वळताच मास्तर लेकीवर घसरले. "आज काय तो निकाल लागू दे," असं म्हणत त्यांनी तावातावाने बोट नाचवलं आणि हात कोनाड्यातल्या बरणीला लागला. चिनी मातीची बरणी, केशरआईंच्या गुरूंच्या वेळची. जमिनीवर ठिकऱ्या झाल्या, लोणच्याचं तेल पसरलं.

"कोण आहे तिकडे? कुणी फोडलं?"

आतून आलेल्या त्या आवाजाने आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. केशरआईंचा चढा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

भास्कररावांच्या तोंडून शब्द कधी निघाले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मांजर... मांजर होतं, आई. आत्ताच पळालं."

केशरआई दारात आल्या. हातात ताकाचे पेले, चेहरा नेहमीसारखा शांत.

"मांजर?"

मास्तरांना मान वर करवेना.

"हो," शेवंता चटकन पुढे येऊन म्हणाली. "काळं होतं. मी पाहिलं ना."

...

ती बापाच्या पुढ्यात उभी राहिली होती, जणू मार बसलाच तर आधी तिला बसावा. भास्कररावांनी तिच्याकडे पाहिलं. इतकं सफाईदार खोटं, आणि डोळ्यांत आपल्याविषयी केवढी काळजी. त्यांना फार लाज वाटली. जन्मात वाटली नव्हती एवढी.

आणखी घटकाभर गप्प बसले असते, तर सगळं मांजरावर निभावून गेलं असतं. पण आता ते गप्प बसणार नव्हते. त्यांनी लेकीला हलकेच बाजूला केलं.

"मांजर नव्हतं," ते म्हणाले. तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "बरणी माझ्या हातून फुटली. भ्यालो, म्हणून खोटं बोललो."

शेवंताने डोळे गच्च मिटून घेतले. पुढे काय होतं, हे तिला ठाऊक होतं.

...

केशरआईंनी पेले खाली ठेवले. ठिकऱ्या ओलांडून त्या जवळ आल्या. मास्तरांचा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"कुठे लागलं नाही ना, मास्तर?"