पंख्यावरचं नाव

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, विभावरीवहिनींनी, श्रावणातल्या देवीच्या कहाण्या आपल्या शब्दांत नव्याने लिहून पुस्तक काढलं. देवळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी त्याची पानं मोबाइलवर स्कॅन केली, वहिनींचं नाव काढून ‘देवस्थानतर्फे सप्रेम’ असं घातलं आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घरोघरी पाठवली. मग पुस्तक विकत कोण घेणार?

शुक्रवारी हळदीकुंकवाला आम्ही साऱ्याजणी सभामंडपात जमलो होतो. बापूसाहेबही व्यवस्था बघायला आले होते; तिथेच वहिनींनी त्यांना याचा जाब विचारला.

बापूसाहेब हसले. “अहो वहिनी, कथा देवीची! तिच्यावर तुमचा कसला आलाय हक्क?”

वहिनींनी वर पाहिलं. “बापूसाहेब, हा वारा कुणाचा हो?”

“देवाचाच की!”

“मग पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तुमचं नाव कसं?”

“वारा देवाचा असला तरी पंखा मी दिलाय!”

“तसंच कथा देवीची असली तरी पुस्तक मी लिहिलंय. तुमच्या पंख्यावरचं नाव मी खरवडलं तर चालेल?”

सगळा मंडप हसला. बापूसाहेब ओशाळले. आरतीआधीच त्यांनी ग्रुपवरून पानं काढली, माफी मागितली आणि वहिनींची पुस्तकं देवळात मांडायला स्वतः टेबल आणलं.

अभिमानाने माझी तर ओटीच भरली, बाई. देवी जशी वहिनींच्या जिभेवर बसली, तशी वेळेला तुमच्या-आमच्याही जिभेवर बसो.