नाकतोड्याचे लाडू

त्या राज्यात धान्य संपत आलं होतं आणि कोंबड्या सोवळ्यात होत्या. या दोन गोष्टी फार काळ सोबत चालणं कठीण, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं; पण कोंबडीची मान एका वेळी एकाच दिशेला वळते, आणि राज्यातल्या सगळ्या माना सध्या कोठाराकडे पाठ करून होत्या.

सोवळं म्हणजे किडा न खाणं. अळी, मुंगी, वाळवी, नाकतोडा, जे जे वळवळतं ते ते वर्ज्य. असलं काही खायचं ते कुंपणाबाहेरच्या साळुंक्यांनी. आतल्यांनी दाणा टिपावा आणि चोच पुसावी. रोज दुपार कलली की पंगत बसे. त्याआधी कोंडाक्का नावाची थोरली कोंबडी रांगेतून फिरून प्रत्येकीची चोच उघडून बघे. चोच निर्मळ असेल तर पाट मिळे, नसेल तर नाही. कोंडाक्काची चोच कोण बघतं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण विचारायला आपली चोच उघडावी लागली असती. राज्याला एक राजाही होता. पण पहाटेचं आरवून झालं की तो दिवसभर मोकळाच असे, म्हणून त्याचं इथे काही काम नाही.

मागच्या हंगामात या पाहणीत येसू नावाच्या कोंबडीच्या चोचीला नाकतोड्याची तंगडी चिकटलेली सापडली. पंगतीत हाहाकार उडाला. काहींना भोवळ आली, एकीने तर घाबरून पाटावरच अंडं घातलं.

"अहो, मी कशाला खाऊ?" येसू काकुळतीला येऊन सांगत होती. "दुपारभर कोंडाक्कांच्या मानेची पिसं विंचरत बसले होते मी. विचारा ना त्यांना."

कोंडाक्काने डोळे मिटले. "पिसं विंचरायला सांगितलं होतं, बाई," ती म्हणाली, "किडे खायला नव्हतं सांगितलं."

येसूला कुंपणाबाहेर काढण्यात आलं. तिची लेक ठकी तेव्हा नुकती पिसं फुटलेली होती; तिला आत ठेवून घेतलं, म्हणजे आईचं वळण लागायला नको. तेव्हापासून येसू कुंपणाला चिकटून राही आणि फटीतून गळतील ते दाणे टिपी. फटीतून पंगतही दिसायची, पण ठकीचा पाट पलीकडे तोंड करून असल्यामुळे येसूला लेकीची फक्त पाठ दिसायची. लेक मोठी होतेय हे तिला शेपटीवरून कळत होतं. साळुंक्या तिला मायेने म्हणायच्या, "अगं, एखादी अळी खाऊन तर बघ. नाही तरी नाव झालंच आहे तुझं." येसू म्हणायची, "एक जरी खाल्ली तरी त्यांचं म्हणणं खरं होईल." आणि ती उपाशी झोपायची.

इकडे आत दाणा तळाला टेकला. आधी पिल्लांना पुन्हा वाढणं बंद झालं, मग पहिल्यांदा वाढायचं तेही अर्ध्यावर आलं. पिल्लं चालता चालता मध्येच खाली बसू लागली. ते बघवत नव्हतं, म्हणून कोंबड्या तिकडे बघेनाशा झाल्या.

अशा वेळी वल्लभपंत नावाचं एक बदक राज्यात आलं. पंत बारा तळ्यांचं पाणी प्यालेले. त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवून घेतलं आणि विषयाला हात घातला.

"दाण्याला नांगरलेली जमीन लागते, पाणी लागतं, राखण लागते," पंत म्हणाले. "किड्याला काय लागतं? थोडा पालापाचोळा आणि थोडं दुर्लक्ष. अंगी लागायला मात्र दाण्यापेक्षा किडाच सरस. जमीन वाचते, पाणी वाचतं, पिल्लं वाचतात. याला म्हणतात शाश्वत आहार."

पंत स्वतः शेवाळ खात. किड्यांवर ते फक्त बोलत.

"इश्श, पण तो वळवळतो ना?" मागून एकीने विचारलं.

"वाळवला, भाजला, दळला आणि गूळ घालून त्याचा लाडू केला, तर कसा वळवळेल?"

हे पटण्यासारखं होतं. तरी नावाची अडचण होती. नाकतोडा म्हटलं की घास उतरेना. म्हणून नाकतोड्याला तृणवीर म्हणायचं ठरलं आणि वाळवीला भूमिसार. लाडू पळसाच्या पानात बांधायचे आणि पानावर एक कोवळा कोंब रंगवायचा, म्हणजे आत झाडपालाच आहे असं वाटेल, हेही ठरलं. मग हे लाडू उपासाला चालतात का यावर वाद पेटला, तो मात्र काही केल्या आटपेना. शेवटी वाळवी जन्मभर लाकूडच खाते, तेव्हा ती मूळची उपासाचीच, असा निकाल लागला. नाकतोड्याचा निकाल पुढच्या एकादशीवर ढकलण्यात आला. लाडू वळायला साळुंक्यांना बोलावलं. त्यांनी किडे पकडायचे, भाजायचे, दळायचे आणि लाडू कुंपणावरून आत द्यायचे. त्यांनी आत यायचं नाही.

लाडू तयार झाले आणि खरा पेच तेव्हा उभा राहिला. पंगतीची रीत अशी, की नव्या अन्नाचा पहिला घास थोरलीने घ्यायचा. तो घशाखाली उतरल्याशिवाय कोणी चोच लावायची नाही, पिल्लांनीसुद्धा नाही. कोंडाक्काला एकाएकी दातदुखी सुरू झाली. कोंबड्यांना दात नसतात, असं कोणीतरी तिच्या कानाशी कुजबुजलं. "म्हणून तर इतकं दुखतंय," ती म्हणाली. पिल्लं लाडवांकडे बघत बसली होती. त्यांना चिवचिवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"येसूला बोलवा," एकजण म्हणाली. "तिला सवय आहे. आज थोरलीचा घास तिनेच घ्यावा."

कोंडाक्का स्वतः कुंपणापाशी गेली. आवाजात इतका गोडवा तिने यापूर्वी कधी आणला नव्हता.

"ये गं बाई आत. झालं गेलं गंगेला मिळालं. तू तेव्हा नाकतोडा खाल्लास म्हणून..."

"मी नव्हता खाल्ला," येसू म्हणाली.

"अगं, तेव्हा तो किडा होता. आता तो आहार आहे. आता खाल्ला होता म्हणालीस, तर उलट मान आहे तुला."

"पण आक्का, खाल्लाच नव्हता, तर म्हणू कसं?"

कोंडाक्काने मागे वळून पंगतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठकीचा पाट तुझ्या पाटाला लागून मांडते."

येसूने खरं धरून ठेवून इतके दिवस पोट मारलं होतं. खोटं बोलायचं असतं तर तिने तेव्हाच पाय धरून माफी मागितली असती. पण फटीतून ठकी दिसत होती. आज ती कशी कोण जाणे इकडे तोंड करून बसली होती, आणि तिची मान काडीसारखी झाली होती.

"खाल्ला होता," येसू म्हणाली.

मग काय विचारता! कुंपणाचं दार उघडलं. ज्या कोंबड्यांनी तिला चोची मारून बाहेर काढलं होतं, त्या तिला येसूताई म्हणू लागल्या. शाश्वत आहाराचा मार्ग सर्वांच्या आधी ओळखणारी दूरदर्शी कोंबडी, असं पंतांनी तिचं वर्णन केलं. तिला मानाचा पाट मिळाला, शेजारी ठकीचा. मायलेकी एकमेकींना इतक्या खेटून बसल्या, की दोन पाट मांडले नसते तरी चाललं असतं. ठकीने आईच्या पंखात डोकं खुपसलं आणि येसूला वाटलं, याच्यासाठी एक सोडून शंभर नाकतोडे खाल्ले असं म्हणेन.

पानं उलगडली गेली. प्रत्येकीपुढे लाडू आला.

"येसूताई, होऊ द्या," पंत म्हणाले. "कसा खायचा ते दाखवा सगळ्यांना."

येसूने लाडवाकडे पाहिलं. तिला फक्त दाणा टिपता येत होता. तिने तशीच चोच मारली. लाडू गडगडत पलीकडे गेला. ठकीने तो परत ढकलला. येसूने पुन्हा टोचलं, लाडू पुन्हा पळाला. मग धीर करून तिने तो अख्खाच चोचीत घेतला आणि गिळायला गेली. डोळे पांढरे झाले, मान फुगली आणि ठसक्यासरशी लाडू बाहेर आला. सारी पंगत श्वास रोखून बघत होती. पोटांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

"हिच्या भरवशावर बसलो तर मेलोच आपण," कोंडाक्का म्हणाली. भुकेपुढे तिचा तोल सुटला. तिने आपला लाडू उचलला, मान झटकन वळवून तो डावीकडे जमिनीवर आपटला, मग उजवीकडे आपटला, आणि गट्टम केला.

जिवंत नाकतोडा असा आपटावाच लागतो, नाहीतर तो घशात उडी मारतो. भाजून, दळून, गुळात वळलेल्या लाडवाला त्याची काहीच गरज नव्हती. पण घास थोरलीने घेतला होता, आता थांबतंय कोण? सगळ्या पंगतीने लाडू उचलले, सगळ्या माना एकदम डावीकडे वळल्या, मग उजवीकडे वळल्या. टप्, टप्. एकीचाही ठेका चुकला नाही. पाटावर अंडं घालणारीचाही नाही.

"हे आपटायचं मी कुठे सांगितलं होतं?" वल्लभपंतांनी चकित होऊन विचारलं. सगळ्यांच्या चोची भरलेल्या असल्यामुळे त्यांना उत्तर मिळालं नाही.

येसू एकटीच लाडू पुढ्यात घेऊन पंगतीकडे बघत राहिली होती. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे.

"आई, असा नाही गं गिळायचा," ठकी हळूच म्हणाली. "घशात पाय टोचतात. आधी आपटून घे."

येसूने लेकीकडे पाहिलं. मग लाडू उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून जमिनीवर आपटला. तिला ते काही जमलं नाही. लाडू फुटला आणि भुगा चहूकडे उडाला. तेव्हा ठकीने आपला लाडू आईपुढे सरकवला आणि मान कशी वळवायची, ते तिला सावकाश करून दाखवलं.