हिरवा टिपका

"मग कोणतं यंत्र तपासायचं आणि कोणतं सोडायचं, हे माणसानं ठरवायचं तरी कशावरून, महाराज?"

काळमेघ साहेब मठाच्या दारात उभे राहूनच विचारत होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ते सुरक्षा अधिकारी. तिथलं कोणतं यंत्र धोक्याचं आणि कोणतं बिनधोक, हे त्यांनीच ठरवायचं.

निर्वाणगिरी गोसावी चुलीपुढं बसले होते.

"आजवर कसं ठरवत होतास?"

साहेब पायरीवर टेकले. हे मात्र त्यांना झकास सांगता येत होतं. बैठकांमधून सांगून सांगून जिभेला वळण पडलं होतं.

"जे वेगानं फिरतं, तापतं किंवा कापतं, त्यावर लाल टिपका. ते दरवर्षी तपासायचं. बाकीच्यांवर हिरवा. हिरव्याला तपासणी नाही. सगळंच तपासत बसलो, तर कारखाना चालायचा कधी?"

"बरोबर आहे."

"सरकी वाहून नेणारा पट्टा आहे आमच्याकडं. त्याला मी हिरवा दिला. इतका सावकाश चालतो, की शेजारून म्हातारी चालली तरी पुढं जाईल. माझ्या जागी कुणीही हिरवाच दिला असता."

"त्यानं कोण मरतं?"

"कुणीच नाही."

"आणि लहानू?"



पट्ट्यावर काम करणारा लहानू उईके खंडेनवमीला गेला. त्या दिवशी जिनिंगमधली यंत्रं धुऊन पुसून पुजतात. हार घालतात, नारळ वाढवतात, आणि नारळ फुटला की प्रत्येक यंत्र क्षणभर चालवतात. बटण दाबायचा मान साहेबांचा. लहानू वाकून पट्टा फिरवणाऱ्या रुळाला झेंडूचा हार बांधत होता. गळ्यात पूजेसाठी घेतलेलं कोरं उपरणं होतं. पट्टा सुरू झाला आणि उपरण्याचं टोक रुळात गेलं. लोक जयजयकार करत होते. त्यात त्याचं ओरडणं कुणाला ऐकूच आलं नाही. असं मरण वैऱ्यालाही येऊ नये.

"आता मी सगळ्यांनाच लाल देणार," साहेब म्हणाले. "पंख्याला, शिडीला, पाण्याच्या पिंपालासुद्धा."

"दे. सगळंच लाल झालं, की दिवाळीपर्यंत लाल कुणाला दिसेनासा होईल."

"मग करू काय मी?"

गोसाव्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"बटण दाबताना कुठं बघत होतास?"

साहेबांनी मान वळवली.

"विचारलं मी."

"टिपक्याकडं..."

"आणि?"

"हिरवा होता."

"रुळाकडं?"

"नाही बघितलं."

महाराज आता धीराचा एखादा शब्द देतील, अशी आशा साहेबांना होती. तेवढ्यासाठीच ते एवढ्या लांब आले होते. तो शब्द काही आला नाही. यायचा तरी कुठून?

शेवटी साहेबच बोलले.

"लहानूच्या जागी त्याच्या बायकोला घेतलंय. देवका. उद्यापासून त्याच पट्ट्यावर. पट्टा ठीक आहे असं लिहून दे, म्हणून मालक मागं लागलेत. मी तो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, महाराज. त्यात काही खोट नाही. तो तेव्हाही ठीकच होता..."

पुढचं बोलताना त्यांना रडू फुटलं.

"लिहून देऊ, की नको?"

गोसाव्यांनी हात पुढं केला. साहेबांच्या गळ्यात ओळखपत्राची फीत लोंबत होती. तिचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. एक वेढा... मग दुसरा... अगदी सावकाश. साहेबांची मान खाली खाली येत गेली. त्यांनी फीत सोडवून घेतली नाही.

गोसावी त्यांच्या कानाशी म्हणाले, "उद्या रुळापाशी तू वाक. बटण तिला दाबू दे."